टेस्ट रनर फॉर जावा : कार्य आणि दोषनिवारण

टेस्ट रनर फॉर जावा हे व्हिज्युअल स्टुडिओ कोड (व्हीएस कोड) या कोड एडिटरमध्ये जावा भाषेतील चाचण्या शोधणारे, चालवणारे आणि त्यांचे निकाल दाखवणारे मुक्त स्रोत प्लगइन आहे. मायक्रोसॉफ्टने विकसित केलेले हे प्लगइन एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे. जेयुनिट ४, जेयुनिट ५ आणि टेस्टएनजी या चौकटींमध्ये लिहिलेल्या चाचण्या त्याच्या साहाय्याने चालवता येतात. 'एक्स्टेंशन पॅक फॉर जावा' या संचात त्याचा समावेश आहे.

चाचण्यांची यादी रिकामी दिसणे, चाचणीशेजारी चालवण्याचे चिन्ह न उमटणे, चाचणी सुरू होताच थांबणे किंवा एडिटरमध्ये यशस्वी झालेली चाचणी अन्यत्र अयशस्वी ठरणे, अशा अडचणी वापरकर्त्यांना येतात. हे प्लगइन एकट्याने काम करीत नाही. अनेक कड्यांच्या साखळीतील ती शेवटची कडी आहे. त्यामुळे दोष प्लगइनच्या ठिकाणी दिसला तरी त्याचे मूळ अनेकदा आधीच्या एखाद्या कडीत असते. मूळ न शोधता प्लगइन काढून पुन्हा बसवणे म्हणजे 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असा प्रकार होतो. प्रस्तुत लेखात या साखळीची रचना आणि दोष शोधण्याची पद्धत दिली आहे.

लेखातील आज्ञा, फाइली व सेटिंग यांची नावे देवनागरी लिप्यंतरात आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत टंकावी लागतात.

पार्श्वभूमी

प्रोग्रामचा लहानात लहान भाग स्वतंत्रपणे तपासण्याच्या पद्धतीस घटक-चाचणी (युनिट टेस्ट) म्हणतात. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी 'एसयुनिट' ही चौकट तयार केली होती. तिच्या धर्तीवर १९९७ साली केंट बेक आणि एरिख गामा यांनी जावासाठी जेयुनिट लिहिली. झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात तिचा आरंभ झाला, हा प्रसंग संगणकक्षेत्रात सर्वश्रुत आहे. सेद्रिक ब्यूस्ट यांची टेस्टएनजी ही चौकट २००४ साली आली. जेयुनिट ४ ही आवृत्ती २००६ मध्ये, तर जेयुनिट ५ ही सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

एरिख गामा यांचा संबंध या साखळीतील आणखी दोन कड्यांशी आहे. एक्लिप्स प्रकल्पातील जावा विकास साधने (जेडीटी) त्यांच्या नेतृत्वाखाली घडली. पुढे २०११ साली ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि व्हीएस कोडच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले. हा एडिटर एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाला.

कार्यपद्धती

व्हीएस कोडला स्वतःला जावा भाषा येत नाही. एखादी जावा चाचणी चालण्यासाठी पुढील पाच कड्या एकामागून एक जुळाव्या लागतात.

१. एडिटर : फोल्डर उघडणे, चाचण्यांचे पटल दाखवणे आणि निकाल रंगवणे ही याची कामे. पटलाचे चिन्ह प्रयोगशाळेतील चंबूच्या आकाराचे असते.

२. जावा भाषा-सर्व्हर : रेड हॅटच्या 'लँग्वेज सपोर्ट फॉर जावा' या प्लगइनमधून चालणारा हा घटक एक्लिप्सच्या जेडीटीवर आधारलेला आहे. कोणता क्लास कोठे आहे, कोणती मेथड चाचणी आहे, कोड संकलित होतो की नाही, हे सर्व त्यालाच कळते.

३. प्रकल्पाची व्याख्या : मेवनची 'पॉम.एक्सएमएल' अथवा ग्रेडलची 'बिल्ड.ग्रेडल' ही फाइल. कोणत्या लायब्ररी लागतात आणि चाचण्यांचा कोड कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे येथे नोंदलेले असते. असे साधन न वापरणाऱ्या साध्या प्रकल्पात ही माहिती एडिटरच्या सेटिंगमधून मिळते.

४. जेडीके : संकलित कोड प्रत्यक्ष चालवणारा जावा संच.

५. चाचणी-चौकट : जेयुनिट किंवा टेस्टएनजीच्या जार फाइली.

टेस्ट रनर फॉर जावा हे प्लगइन भाषा-सर्व्हरला चाचण्यांची यादी विचारते, त्याच्याकडून लायब्ररींच्या मार्गांची सूची (क्लासपाथ) घेते, त्या आधारे जावाची नवी प्रक्रिया सुरू करते आणि तिच्याकडून आलेले निकाल पटलावर दाखवते. भाषा-सर्व्हर गप्प असेल तर या प्लगइनपाशी दाखवण्यासारखे काहीच उरत नाही.

अपयश आणि दोष यांतील भेद

दोषनिवारणाच्या आरंभी तीन परिस्थितींमधील फरक लक्षात घेणे आवश्यक असते.

पहिली परिस्थिती म्हणजे चाचणी चालली आणि अयशस्वी ठरली. अपेक्षित मूल्य ५ आणि प्रत्यक्ष मूल्य ४, असा संदेश आला असेल तर साखळीतील सर्व कड्या नीट काम करीत आहेत. चूक तपासल्या जाणाऱ्या कोडमध्ये किंवा चाचणीत आहे आणि प्लगइनने आपले काम चोख केले आहे. असा संदेश वाचताना जेयुनिटमध्ये अपेक्षित मूल्य आधी व प्रत्यक्ष मूल्य नंतर लिहितात, तर टेस्टएनजीमध्ये हा क्रम उलट असतो, याचे भान ठेवावे लागते. क्रम चुकल्यास निदानही उलटे होते.

दुसरी परिस्थिती म्हणजे चाचणी सुरूच होऊ शकली नाही. येथे अपेक्षित व प्रत्यक्ष मूल्यांचा उल्लेख नसतो. क्लास सापडला नाही, आवृत्ती जुळली नाही किंवा प्रक्रिया बंद पडली, अशा स्वरूपाचा संदेश असतो. हा साखळीतील दोष होय.

तिसरी परिस्थिती सर्वांत फसवी आहे. एकही चाचणी चाललेली नसते आणि तरीही कोठे लाल खूण दिसत नाही. शून्य चाचण्यांत शून्य अपयश असणे स्वाभाविकच आहे. त्यावरून कोड निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. म्हणून निकालाचा रंग पाहण्यापूर्वी किती चाचण्या चालल्या हा आकडा पाहणे आवश्यक ठरते. शंका असल्यास एखाद्या चाचणीतील अपेक्षित मूल्य मुद्दाम चुकीचे लिहून ती चालवावी. ती लाल झाली तर साखळी जिवंत आहे. तरीही हिरवीच राहिली, तर ती चाचणी मुळात चालतच नाही किंवा जुना संकलित कोड चालत आहे, असे समजावे.

याच संदर्भात जावा भाषेतील 'असर्ट' या शब्दाचा उल्लेख करावा लागतो. जावाच्या प्रक्रियेत हा शब्द मूलतः निष्क्रिय असतो आणि '-ईए' हा पर्याय दिल्यावरच तो तपासणी करतो. चाचणीत केवळ त्यावर विसंबल्यास चुकीचा कोडही यशस्वी दिसू शकतो. जेयुनिटच्या 'असर्ट इक्वल्स'सारख्या मेथड वापरल्यास ही अडचण येत नाही.

निदानाचा क्रम

दोष कोणत्या कडीत आहे हे ठरवण्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडतो.

१. टर्मिनलमधून चाचणी चालवणे. मेवनसाठी 'एमव्हीएन टेस्ट' आणि ग्रेडलसाठी 'ग्रेडल टेस्ट' ही आज्ञा द्यावी. या आज्ञांचा एडिटरशी संबंध नसल्यामुळे त्या त्रयस्थ साक्षीदाराचे काम करतात. टर्मिनलमध्येही तीच अडचण आली, तर दोष प्रकल्पात, जेडीकेमध्ये किंवा लायब्ररींमध्ये आहे. टर्मिनलमध्ये सर्व सुरळीत चालले, तर शोध एडिटर, भाषा-सर्व्हर व प्लगइन यांच्यापुरता मर्यादित होतो.

२. 'प्रॉब्लेम्स' पटलातील त्रुटी पाहणे. संकलनाची एकही त्रुटी शिल्लक असेल, तर प्रथम ती दूर करावी.

३. एकच, अत्यंत साधी चाचणी लिहिणे. दोन आणि दोन यांची बेरीज चार आहे, एवढेच तपासणारी चाचणी चालली तर चौकट व प्लगइन ठीक आहेत असे समजते.

४. एका वेळी एकच बदल करणे. अनेक बदल एकदम केल्यास अडचण सुटली तरी कशामुळे सुटली ते कळत नाही आणि ती पुन्हा उद्भवल्यास सारा शोध नव्याने करावा लागतो.

चाचण्या न दिसणे

चाचण्यांचे पटल रिकामे असणे किंवा चाचणीच्या ओळीशेजारी चालवण्याचे चिन्ह नसणे, यामागे पुढील कारणे आढळतात.

भाषा-सर्व्हर तयार नसणे : मोठा प्रकल्प प्रथमच उघडल्यावर लायब्ररी उतरवून घेण्यास व कोड वाचण्यास वेळ लागतो. खालच्या पट्टीवर प्रगती दिसत असेल तोवर थांबणे योग्य.

हलकी पद्धती : भाषा-सर्व्हर 'लाइटवेट' आणि 'स्टँडर्ड' अशा दोन पद्धतींनी चालतो. लाइटवेट पद्धतीत तो केवळ वाक्यरचना पाहतो. लायब्ररी जुळवणे व प्रकल्प बांधणे त्यात होत नाही. त्यामुळे चाचण्यांची सोयही मिळत नाही. खालच्या पट्टीवरून 'स्टँडर्ड' पद्धती निवडल्यास चाचण्या दिसू लागतात.

निर्बंधित स्थिती : अपरिचित फोल्डर उघडताना व्हीएस कोड त्या फोल्डरवर विश्वास आहे का, असे विचारतो. नकार दिल्यास फोल्डर निर्बंधित स्थितीत उघडते आणि कोड चालवू शकणारी प्लगइने बंद अथवा मर्यादित राहतात. फोल्डरमधील कोडचा उगम खात्रीचा असेल तरच विश्वास द्यावा, कारण प्रकल्प बांधताना त्यातील आज्ञा संगणकावर प्रत्यक्ष चालतात.

चुकीचे फोल्डर उघडणे : 'पॉम.एक्सएमएल' ज्या फोल्डरमध्ये आहे ते न उघडता त्याच्या आतील 'एसआरसी' फोल्डर उघडले, तर तो मेवन प्रकल्प आहे हे भाषा-सर्व्हरला कळत नाही. एकच सुटी फाइल उघडल्यानेही तीच गत होते.

पॅकेज व फोल्डर न जुळणे : फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहिलेले पॅकेजचे नाव आणि फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो मार्ग एकच असावा लागतो. मेवन व ग्रेडल यांच्या संकेतानुसार चाचण्या 'एसआरसी/टेस्ट/जावा' या फोल्डरखाली असतात. मुख्य कोडच्या फोल्डरमध्ये चाचणी ठेवल्यास केवळ चाचण्यांपुरती नोंदवलेली लायब्ररी तिला मिळत नाही.

दोन आवृत्त्यांची सरमिसळ : जेयुनिट ४ व ५ या दोहोंतही '@टेस्ट' हेच अ‍ॅनोटेशन आहे, परंतु त्यांची पॅकेजे भिन्न आहेत. जेयुनिट ४ चे पॅकेज 'ओआरजी.जेयुनिट', तर जेयुनिट ५ चे 'ओआरजी.जेयुनिट.ज्युपिटर.एपीआय' असे आहे. एडिटरने सुचवलेल्या आयातीच्या ओळींमधून चुकीची ओळ निवडली गेल्यास जुन्या चौकटीचे अ‍ॅनोटेशन नव्या चौकटीतील मेथडना लागते. प्रत्येक चाचणीपूर्वी चालणाऱ्या मेथडसाठी जेयुनिट ४ मध्ये '@बिफोर', तर जेयुनिट ५ मध्ये '@बिफोर ईच' आहे. ही सरमिसळ झाल्यास पूर्वतयारीची मेथड मुकाट्याने वगळली जाते आणि चाचणी भलत्याच ठिकाणी मोडते.

मेथडची रचना : जेयुनिट ४ मध्ये चाचणीची मेथड 'पब्लिक' असावी लागते. जेयुनिट ५ मध्ये ते बंधन नाही, पण मेथड 'प्रायव्हेट' किंवा 'स्टॅटिक' असून चालत नाही. साध्या '@टेस्ट' मेथडने कोणतेही मूल्य परत करायचे नसते.

लायब्ररींचे दोष

अभ्यासक्रमातील लहान प्रकल्पांत मेवन अथवा ग्रेडल न वापरता जार फाइली 'लिब' फोल्डरमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ आहे. भाषा-सर्व्हर या फोल्डरमधील जार फाइली आपोआप घेतो. अन्य ठिकाणच्या फाइली 'रेफरन्स्ड लायब्ररीज' या सेटिंगमध्ये नोंदवाव्या लागतात. येथे वारंवार होणारी चूक म्हणजे जेयुनिट ४ ची एकच जार फाइल ठेवणे. जेयुनिट ४.११ पासून पुढच्या आवृत्त्यांना 'हॅमक्रेस्ट कोअर' ही दुसरी लायब्ररी लागते. ती नसल्यास कोड संकलित होतो, परंतु चालवताना हॅमक्रेस्टचा क्लास सापडत नसल्याची त्रुटी येते. मेवन व ग्रेडल अशी पूरक लायब्ररी स्वतःहून आणतात. साध्या प्रकल्पात चाचण्यांच्या पटलावरील 'एनेबल जावा टेस्ट्स' हे बटण वापरल्यास आवश्यक जार फाइली उतरवून घेतल्या जातात.

जेयुनिट ५ मध्ये तीन भाग आहेत. 'प्लॅटफॉर्म' हा पाया, 'ज्युपिटर' ही नवी चाचणी-पद्धती आणि 'व्हिंटेज' हे जेयुनिट ३ व ४ च्या जुन्या चाचण्या त्या पायावर चालवणारे इंजिन. ज्युपिटर ५.१० सोबत प्लॅटफॉर्म १.१० अशी या भागांची जोडी ठरलेली असते. एक भाग नवा आणि दुसरा जुना राहिल्यास 'ज्युपिटर इंजिनला चाचण्या शोधता आल्या नाहीत' किंवा 'अशी मेथड नाही' या अर्थाच्या त्रुटी येतात. प्रत्येक भागाची आवृत्ती वेगळी न लिहिता जेयुनिटची आवृत्ती-सूची (बीओएम) वापरल्यास हा दोष टळतो. २०२५ साली आलेल्या जेयुनिट ६ मध्ये तिन्ही भागांचा आवृत्तीक्रमांक एकच करण्यात आला.

लायब्ररी उतरवताना जाळे खंडित झाल्यास मेवन त्या अपयशाची नोंद आपल्या स्थानिक साठ्यात ठेवतो आणि काही काळ पुन्हा प्रयत्न करीत नाही. जाळे पूर्ववत झाल्यावर '-यू' (रोमन मोठे अक्षर) हा पर्याय देऊन आज्ञा चालवल्यास तो नव्याने शोध घेतो. प्रॉक्सीमागे असलेल्या संगणकांवर प्रॉक्सीची नोंद मेवनच्या 'सेटिंग्ज.एक्सएमएल' फाइलीत स्वतंत्रपणे करावी लागते. ब्राउझरमधील नोंद मेवनला पुरत नाही.

जेडीकेच्या आवृत्तीचे दोष

येथे दोन भिन्न जावा संचांचा विचार करावा लागतो. भाषा-सर्व्हर स्वतः जावात लिहिलेला असून त्याच्या अलीकडील आवृत्त्यांना चालण्यासाठी जावा २१ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. प्लगइनच्या अनेक प्रतींमध्ये तो संच अंतर्भूतच असतो. प्रकल्प मात्र जावा ८, ११ किंवा १७ चा असू शकतो. सर्व्हरसाठीचा संच बदलल्याने प्रकल्पाचा संच बदलत नाही. प्रकल्पासाठी उपलब्ध असलेले संच 'जावा कॉन्फिगरेशन रनटाइम्स' या सेटिंगमध्ये नावासह व मार्गासह नोंदवले जातात.

नव्या संचाने संकलित केलेला कोड जुन्या संचाने चालवल्यास आवृत्ती न पेलल्याची त्रुटी येते. तिच्यातील क्लास-फाइलीचा क्रमांक वाचण्याची रीत सोपी आहे : जावा ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१ आणि २१ साठी ६५. संदेशात ६५ आणि ६१ हे आकडे असतील, तर कोड जावा २१ ने संकलित झाला आणि जावा १७ ने चालवला गेला, असा अर्थ होतो. ग्रेडलच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. ग्रेडल जावा १७ वर चालवण्यासाठी ७.३ आणि जावा २१ वर चालवण्यासाठी ८.५ किंवा त्यापुढील आवृत्ती आवश्यक असते.

चाचणी सुरू न होणे

संकलनाच्या त्रुटी शिल्लक असताना चाचणी चालवल्यास प्रकल्प बांधता आला नसल्याची सूचना देऊन एडिटर पुढे जाण्याविषयी विचारतो. तरीही पुढे गेल्यास 'न सुटलेली संकलन-समस्या' या अर्थाची त्रुटी दिसू शकते. भाषा-सर्व्हर जेडीकेमधील 'जावासी' हा संकलक न वापरता एक्लिप्सचा स्वतंत्र संकलक वापरतो. हा संकलक सदोष फाइलीचीही क्लास-फाइल तयार करतो आणि सदोष जागी ही त्रुटी पेरून ठेवतो. ती पाहून प्लगइनला दोष देण्यापेक्षा 'प्रॉब्लेम्स' पटलाकडे वळणे इष्ट.

विंडोजवर क्लासपाथ फार लांब झाल्यास प्रक्रिया सुरूच होत नाही आणि २०६ क्रमांकाची, फाइलीचे नाव फार लांब असल्याची त्रुटी येते. विंडोजमध्ये नव्या प्रक्रियेला देता येणाऱ्या आज्ञेची मर्यादा ३२,७६७ अक्षरांची, तर आज्ञा-खिडकीत ती ८,१९१ अक्षरांची आहे. शेकडो लायब्ररींचे पूर्ण मार्ग जोडल्यावर ही मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी मार्ग एका फाइलीत लिहून तिचा केवळ उल्लेख करण्याची सोय जावा ९ पासून उपलब्ध आहे. प्रकल्प खोल फोल्डरमधून उचलून लहान नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्यानेही आज्ञेची लांबी काही प्रमाणात कमी होते.

एडिटर आणि मेवन यांच्या निकालांतील तफावत

प्लगइन चाचण्या थेट चालवते. मेवनमध्ये हे काम 'शुअरफायर' हा घटक करतो. दोघांचे नियम वेगळे असल्यामुळे निकालही वेगळे येऊ शकतात.

शुअरफायर क्लासच्या नावावरून चाचण्या ओळखतो. रोमन लिपीत 'टेस्ट' या शब्दाने सुरू होणारी, अथवा 'टेस्ट', 'टेस्ट्स' किंवा 'टेस्टकेस' यांनी संपणारी नावे तो मूलतः घेतो. प्लगइन मात्र नाव न पाहता अ‍ॅनोटेशन पाहते. जावात क्लासचे नाव देवनागरीत ठेवण्यास मुभा आहे. परंतु 'गुणपत्रकचाचणी' असे नाव दिलेला क्लास एडिटरमध्ये चालेल आणि शुअरफायरकडून वगळला जाईल. त्याचप्रमाणे शुअरफायर २.२२.० पूर्वीच्या आवृत्त्या जेयुनिट ५ च्या चाचण्या स्वतःहून ओळखत नाहीत. शून्य चाचण्या चालवून त्या यशाचा संदेश देतात. ग्रेडलमध्ये जेयुनिट ५ साठी 'यूज जेयुनिट प्लॅटफॉर्म' ही नोंद करावी लागते.

तफावतीची अन्य कारणे परिस्थितीशी निगडित असतात. बिल्ड-फाइलीत दिलेली प्रक्रियेची पर्यायमूल्ये व पर्यावरण-चले प्लगइनपर्यंत आपोआप पोहोचतीलच असे नाही. ती 'जावा टेस्ट कॉन्फिग' या सेटिंगमध्ये लिहिता येतात. चाचणी सापेक्ष मार्गाने फाइल उघडत असेल, तर दोन्हीकडील कार्य-फोल्डर एकच आहे का, हे पाहावे. त्याच सेटिंगमध्ये हे फोल्डर ठरवता येते. एखादी चाचणी एकटी यशस्वी आणि समूहात अयशस्वी होत असेल, तर ती बहुधा दुसऱ्या चाचणीने बदललेल्या सामाईक 'स्टॅटिक' चलावर अवलंबून असते. चाचण्यांचा क्रम गृहीत धरणे हा चाचणीलेखनातील दोष आहे.

देवनागरी मजकुराच्या चाचण्या

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या चाचण्यांत काही विशेष अडचणी येतात. जावा १७ पर्यंत मजकुराची मूळ सांकेतिक पद्धती कार्यप्रणालीनुसार ठरत असे. विंडोजवर ती बहुधा युटीएफ-८ नसल्यामुळे फाइलीतून वाचलेली देवनागरी अक्षरे प्रश्नचिन्हांत किंवा निरर्थक चिन्हांत रूपांतरित होत. मार्च २०२२ मधील जावा १८ पासून युटीएफ-८ हीच मूळ पद्धती झाली. जुन्या आवृत्तीवर काम करताना चाचणीच्या सेटिंगमध्ये प्रक्रियेला 'फाइल एन्कोडिंग' युटीएफ-८ असल्याचा पर्याय द्यावा आणि मेवनच्या फाइलीत स्रोताची सांकेतिक पद्धती नोंदवावी. टर्मिनलमध्ये प्रश्नचिन्हे दिसणे हा केवळ दर्शनाचा दोष असू शकतो. मजकुराची तुलना तेवढ्याने चुकत नाही.

दुसरी अडचण लांबीची आहे. 'मराठी' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात, परंतु जावाची 'लेंग्थ' मेथड ५ हे उत्तर देते. कारण काना आणि दीर्घ वेलांटी ही स्वतंत्र एकके मोजली जातात. येथे ३ ची अपेक्षा करणारी चाचणी लाल होणे योग्यच आहे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' हा युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. अपेक्षित मूल्य एका कळफलकावर आणि मूळ मजकूर दुसऱ्यावर टंकला असेल, तर निकालात दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसूनही चाचणी अयशस्वी होते. तुलनेपूर्वी दोन्ही मजकूर जावाच्या 'नॉर्मलायझर' या क्लासने एकाच रूपात आणल्यास अडचण दूर होते. अशा वेळी प्लगइन बदलण्यात व्यर्थ वेळ जातो.

साठवण पुसणे आणि प्लगइने वेगळी करणे

वरील तपासणीनंतरही टर्मिनलमध्ये चाचण्या चालत असतील आणि एडिटरमध्ये नसतील, तर भाषा-सर्व्हरची जुनी साठवण कारणीभूत असू शकते. आज्ञा-सूचीतून 'जावा: क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस' ही आज्ञा दिल्यास ती पुसली जाऊन एडिटर पुन्हा सुरू होतो. वापरकर्त्याने लिहिलेल्या कोडला यामुळे धक्का लागत नाही. प्रकल्पाचे वाचन मात्र नव्याने होते. बिल्ड-फाइल बदलल्यावर तेवढ्यापुरते प्रकल्प पुन्हा वाचण्याची 'जावा: रीलोड प्रोजेक्ट्स' ही आज्ञाही पुरते.

दुसरे एखादे प्लगइन अडथळा आणत असल्याचा संशय असेल, तर 'एक्स्टेंशन बायसेक्ट' ही सोय वापरता येते. ती दरवेळी निम्मी प्लगइने बंद करून अडचण टिकते का, असे विचारते आणि काही फेऱ्यांत एका प्लगइनपर्यंत पोहोचते. अडचण अलीकडच्या अद्ययावतीकरणानंतर सुरू झाली असल्यास प्लगइनची आधीची आवृत्ती निवडून बसवता येते. लिनक्स उपप्रणाली, कंटेनर किंवा दूरस्थ संगणकावर काम करताना ही प्लगइने त्या दूरस्थ बाजूलाही बसवावी लागतात.

दोष कळवणे

खरा दोष प्लगइनमध्येच असल्याचे निश्चित झाल्यास तो त्याच्या गिटहबवरील पृष्ठावर नोंदवता येतो. नोंदीत एडिटर, प्लगइन, जेडीके व चौकट यांच्या आवृत्त्या, कार्यप्रणाली, दोष पुन्हा घडवून आणणारा लहानात लहान प्रकल्प आणि भाषा-सर्व्हरचा लॉग यांचा समावेश असावा. लॉग पाहण्यासाठी 'जावा: ओपन ऑल लॉग फाइल्स' ही आज्ञा आहे. लॉगमध्ये वापरकर्त्याचे नाव व फोल्डरांचे मार्ग असतात. तो सार्वजनिक करण्यापूर्वी वाचून घेणे हितावह ठरते. असा लहान प्रकल्प तयार करताना अनावश्यक भाग एकेक करून वगळावे लागतात आणि बऱ्याचदा त्या वगळण्यातच दोषाचे मूळ हाती लागते.

हेही पाहा

जावा (प्रोग्रामिंग भाषा)
जेयुनिट
व्हिज्युअल स्टुडिओ कोड
एक्लिप्स (सॉफ्टवेअर)
अपाचे मेवन
युनिकोड